सावलीत कापणारा हात

तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र. हायस्कूलात विज्ञान शिकवताना हे वाक्य मी जन्मभर फळ्यावर लिहिलं. एका मार्काचा प्रश्न. निवृत्तीनंतर उजवा हात कापायला लागला, तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी तोच धडा मला शिकवला. कंपवात आहे म्हणाले. वयाबरोबर तंतुकणिका थकतात, मेंदूतल्या काही पेशींना ऊर्जा पुरत नाही, त्या मरत जातात. कारणं आणखीही असतात, पण हे त्यातलं एक. गोळ्यांनी त्रास कमी होईल, मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. मला भीती वाटली नाही, राग आला. ज्या तंतुकणिकांचं एवढं कौतुक वर्गात केलं, त्यांनीच माझ्याशी बेइमानी करावी!

घरी मात्र सगळ्यांनी मला सावलीत बसवायचं ठरवलं. "दादा, तुमी बसा," हे धाकट्या भावाचं रोजचं पालुपद.

शेतात यंदाची हळद शिजायला घातली. शिजली की नाही हे आमच्याकडे घरातला थोरला ठरवतो. हळद वाफवायच्या मोठ्या कुकरमधून एक हळकुंड काढायचं, त्यात तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाची, काडी टोचायची. अलगद आरपार गेली तरच हळद बाहेर काढायची. वडिलांनंतर हे काम माझं. या वेळी काडी भावानं घेतली आणि माझ्यासाठी कडुलिंबाखाली खुर्ची टाकली. मी बसलो. मांडीवरचा हात थडथड उडत राहिला.

भावानं काडी टोचली. "झाली," म्हणाला.

"जोर लावलास तू. जोर लावला तर कच्च्यातही जाते."

"हात कापून राहिला तुमचा, दादा. काहून तकलीफ करून घेता?"

मी उठलो, काडी त्याच्या हातातून घेतली, दुसरं गरम हळकुंड फडक्यात धरलं. आणि हात थांबला. पूर्ण नाही, पण काडीचं टोक नीट टेकण्याइतका. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, मीच विसरलो होतो: माझ्या आजारात हात रिकामा असला की जास्त कापतो, कामाला लागला की कमी.

काडी अर्ध्यात अडली.

"न्हाई झाली. अजून वाफ दे."

भावानं काडीकडे पाहिलं आणि जाळ वाढवला. मग खुर्ची उचलून माझ्या पाठीशी आणून ठेवायला लागला.

"ती घरी पाठव," मी म्हणालो. "डोक्यात जेवढ्या पेशी उरल्यात, त्यांना मी सावलीत बसवून मारणार न्हाई."