धाकलीला म्हणावं

आशाबाईला सुपरवायझर केलं त्या दिवशी बिडकीनजवळच्या त्या कारखान्यात पेढे वाटले गेले, आणि तिला मात्र पेढा गोड लागेना. कामाची तिला भीती नव्हती. भीती होती ती प्रेसवरच्या एका माणसाची, आणि तो माणूस तर स्वभावानं अगदी गरीब गाय.

फकिरा हे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. शेत कारखान्यांच्या वसाहतीत गेलं तसे तेही इथंच लागले. त्यांच्या घरात सून भासऱ्याशी थेट बोलत नाही. नाव घेणं तर दूरच. ते ओट्यावर बसले असले तर तिनं मागच्या दारानं जायचं. त्यांनाही काही हवं असलं की ते बायकोला, दगडाबाईला सांगत, "धाकलीला म्हणावं, पाणी आण." घरात हे बरं चालतं. निरोपाला उशीर झाला तर फार तर चहा गार होतो.

मॅनेजर काकासाहेबांनी तिला प्रशिक्षणाला बसवलं. पुण्याहून आलेल्या बाईंनी सांगितलं, चूक दिसली की माणसाला बाजूला घ्या, डोळ्यांत बघा आणि स्पष्ट बोला. आशाबाईनं मान डोलावली. भासऱ्याच्या डोळ्यांत बघायचं! त्या बाईंना सासर होतं की नाही, कोण जाणे.

तिनं आपली वाट काढली. शेजारच्या मशीनवर गावातलीच म्हाळसाबाई होती. फकिरांना सांगायचं ते सगळं तिच्यामार्फत जाऊ लागलं.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेसला दोन बटनं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहायला नको. फकिरांनी एक दिवस डाव्या बटनात लाकडाची पाचर ठोकली. एक हात मोकळा, काम झपाझप. आशाबाईनं ते लांबून पाहिलं आणि ती तडक म्हाळसाबाईकडे गेली.

"म्हाळसाबाई, त्यांना म्हणावं, ती पाचर आत्ताच्या आत्ता काढा."

म्हाळसाबाई गेली. तिलाही थोरल्या माणसाचा मान राखायचा होताच. "फकिरादादा, आशाबाई म्हणती, जरा जपून करा."

"व्हय, व्हय," फकिरा म्हणाले.

मशीनच्या आवाजात आशाबाईला फक्त हललेली मान दिसली. पाचर मात्र दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिनं पुन्हा निरोप धाडला, पुन्हा मान हलली. काकासाहेबांना सांगावं, तर ते फकिरांना कामावरून काढतील, आणि सुनेनं भासऱ्याची नोकरी खाल्ली असं गावभर होईल. न सांगावं, तर तो हात. तिला जेवण जाईना. डोळा लागला की ती दचकून उठे.

मग एका दुपारी पत्रा साच्यात अडकला. फकिरांनी तो सोडवायला डावा हात आत घातला, आणि उजवा, सवयीनं, बटनाकडे निघाला. म्हाळसाबाईची तिकडे पाठ होती.

"फकिरा! हात काढा!" आशाबाई ओरडली.

डावा हात मागे आला, उजवा बटनावर पडला आणि साचा नुसत्या पत्र्यावर आदळला. सगळी लाइन थांबून बघत राहिली. आशाबाईचा हात पदर ओढायला डोक्यावर गेला. तिथं कंपनीची टोपी होती.

"पाचर काढा," ती म्हणाली.

फकिरांनी पाचर उपटली, तिच्या टेबलावर ठेवली आणि ते कामाला लागले. कंपनीच्या बसमध्येही ते पुढे, ती मागे. आता घरी काय वाढून ठेवलंय, याच विचारात गावचा फाटा आला.

जेवायला बसले तेव्हा ती चुलीपाशी होती, पदर कपाळापर्यंत. फकिरा भिंतीकडे बघत दगडाबाईला म्हणाले, "धाकलीला म्हणावं, कंपनीत सांगायचं ते मला तोंडावर सांगत जा. नाव घेतलं तरी चालंल. म्हाळसाबाई लई गोड करून सांगती."

आशाबाई दोन हातांच्या अंतरावर होती. तरी दगडाबाईनं वळून ते सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं.

"आन् भाकर वाढ म्हणावं," फकिरा म्हणाले.

ती भाकरी घेऊन गेली. खाली मान घालूनच वाढायचं असतं, म्हणून तिला फक्त त्यांची ताटावरची बोटं दिसली. दहाही होती, भाकरी मोडत होती. तिला रडू आवरेना.