खाऱ्या विहिरीतली बुडी

रत्नागिरीच्या स्टँडवरून एस.टी. सुटायच्या आधीच माझं डोकं फिरलं होतं. कंडक्टर आमच्या हवेच्या टाक्या टपावर चढवू देईना. "गॅसच्या टाक्या चालायच्या नाहीत," एवढंच त्याचं पालुपद. मी अर्धा तास हुज्जत घातली. मग प्रभाकर आला, टाकीची चावी किंचित फिरवून कंडक्टरच्या तोंडावर गार हवा सोडली आणि म्हणाला, "मामा, श्वास आहे हा. घ्या थोडा." कंडक्टर खो खो हसला आणि स्वतःच टाकी उचलू लागला. असली माणसं मला बघवत नाहीत.

प्रभाकर म्हणजे आमच्या बंदरावरचा दुसरा पाणबुड्या. पहिला मी. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. अंदमानच्या कामावर साहेब एकालाच नेणार होते, आणि अंदमानचा समुद्र बघायचा ध्यास मी कितीतरी वर्षं धरलेला. तेवढ्यात साहेबांच्या गावाकडच्या चुलत्यांची, तात्यांची, विहिरीतली मोटार अडली. साहेब म्हणाले, "दोघंही जा. काम झालं की फोन कर, कोणी कसं केलं ते सांग. मग अंदमानचं ठरवू." म्हणजे परीक्षाच की!

पुण्याला गाडी बदलून सकाळी बारामतीला उतरलो. स्वतः तात्या जीप घेऊन आले होते. एमआयडीसीकडे मोटारसायकलींची रांग लागली होती, दुधाचे कॅन खडखडत होते. पुढं इंदापूरच्या रस्त्याला लागलो, तर दुतर्फा पुरुषभर ऊस. मध्येच उघडा माळ, बाभळी, एखादा मेंढ्यांचा कळप, की पुन्हा ऊस. आपल्याकडे कोकणात आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन फिरतात. इथं पावसाची बोंब, आणि कालव्याला पाणी! खरं सांगतो, त्या पाटाच्या पाण्यावरसुद्धा मी जळलो.

"फुटबॉल चोंदलाय बगा," तात्या जीप चालवता चालवता म्हणाले.

"विहिरीत फुटबॉल कोणी टाकला?" मी विचारलं.

तात्या इतके हसले की जीप बांधावर जाता जाता राहिली. मोटारीच्या पाइपाच्या तळाला जी झडप असते, फूट-व्हॉल्व्ह, तिला इकडे फुटबॉल म्हणतात. प्रभाकरला ते ठाऊक होतं. कुठून, ते देव जाणे.

जेवायला उजनी धरणातल्या माशाचं कालवण आणि बाजरीची भाकरी होती. गोड्या पाण्यातला मासा म्हणून मी नाक मुरडायच्या बेतात होतो, पण चार भाकऱ्या कधी गेल्या कळलं नाही. काकूंनी डोक्याकडचा मोठा तुकडा प्रभाकरच्या ताटात वाढला. मी पाहिलं ते.

विहीर चांगली अंगणाएवढी रुंद, आत पन्नास फूट पाणी. गावातले पट्टीचे पोहणारे बुड्या मारून दमले होते. थारोळ्यापाशी, म्हणजे उपसलेलं पाणी पडतं त्या हौदापाशी, निम्मं गाव जमलेलं.

"आमचं पानी लई खारं हाय बरं का," तात्या म्हणाले.

आता थोडं समजून घ्या. खारं पाणी माणसाला वर ढकलतं, गोडं तितकं ढकलत नाही. म्हणून समुद्रात कमरेच्या पट्ट्याला शिशाचे सहा तुकडे लागत असतील, तर गोड्या पाण्यात चार पुरतात. त्या काळी आमच्याकडे हवेनं फुगवायची जाकिटं नव्हती. शिशाचं गणित चुकलं की चुकलं.

प्रभाकरनं ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं. पट्ट्यातले दोन तुकडे काढले आणि मला हळूच म्हणाला, "दादा, तुम्हीपण दोन काढा."

"ऐकलं नाहीस का? पाणी खारं आहे. खाऱ्या पाण्यात जन्म गेला माझा, तू मला शिकवू नकोस."

सहाच्या सहा तुकडे बांधून मी आधी उडी मारली.

गेलो तो थेट खाली. फुटबॉल माझ्या हाताजवळून वर निघून गेला, धरायला मिळाला नाही. धप्पकन गुडघाभर गाळात रुतलो. सगळं पाणी काळं झालं. पट्टा सोडला असता तर सुक्या भोपळ्यासारखा उसळून गावासमोर वर आलो असतो, ती शोभा नको म्हणून तसाच उभा राहिलो. मग प्रभाकर पाइप धरून उतरला. अधांतरी, गाळाला पायसुद्धा न लावता. चाचपून त्यानं झडपेतलं कुजकं गोणपाट उपसून काढलं. शेवटी माझ्या कमरेला हात घालून दोन तुकडे सोडवले आणि मला अलगद वर आणलं.

"तात्या, हे पाणी खारं कसं?" वर आल्याआल्या मी विचारलं.

"व्हय तर! डाळ शिजत न्हाय, साबनाला फेस येत न्हाय. आमी प्यायला कालव्याचं आनतो."

हे यांचं खारं! दर्यापुढं ते साखरेचं पाणी.

मोटार चालू झाली. पाइपातून भसाभस पाणी आलं. तात्यांनी विचारलं, "फुटबॉल सोडवला कुनी?"

प्रभाकर म्हणाला, "दादांनी आधी तळ गाठला, म्हणून जमलं."

तात्यांनी टॉवेल-टोपी आणि नारळ माझ्या हातात ठेवला. "मान थोरल्याचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

परतताना बारामतीच्या एसटीडी बूथवरून मी फोन लावला. काचेपलीकडे प्रभाकर रसवंतीवर दोन ग्लास सांगत होता, एक माझ्यासाठी.

"काम कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

'मी' म्हणायला किती वेळ लागतो? पण अंदमानच्या बोटीवर रोज सकाळी आठवलं असतं, की ही जागा प्रभाकरनं मला दान दिली. ते मला गिळवणार नव्हतं. मी म्हणालो, "प्रभाकरनं. मी गाळात अडकलो होतो."

तो अंदमानला गेला. घरी आल्यावर बंदरावर जो तो म्हणे, काय मोठं मन हो तुमचं. बायकोनंही चार घरी सांगितलं. तिकडून परत आला तेव्हा प्रभाकर भर धक्क्यावर माझ्या पाया पडला. "दादा, सख्खा भाऊसुद्धा असं बोलला नसता."

मी त्याला उठवलं, पाठ थोपटली. खरं कारण मात्र अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर तो हसून तेही पोटात घालील, आणि तेवढं मला सोसायचं नाही.