धर्माजीनानांच्या रेडिएटरमधला झेंडू

आमच्या थळच्या धर्माजीनानांनी एकतीस वर्षं ट्रेलर चालवला. खताची पोती पार नागपूरपर्यंत पोचवली. साखरेच्या आजारानं डावा डोळा अधू केला, लायसन्स गेलं आणि हा पहाडासारखा माणूस ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहिला. आम्हाला ते बघवत नव्हतं. शेवटी लेक मृणालनं आपला कॉम्प्युटर, एक स्टिअरिंग आणि ट्रक चालवायचा गेम आणून दिला. नाना असे रमले की जेवायला चारदा हाक मारावी लागे.

रविवारी दुपारी इंटरनेटवर तीस-चाळीस जणांचा ताफा निघायचा. सगळी कॉलेजातली पोरं आणि त्यांत आमचे नाना. पण दसऱ्यानंतर त्यांचा गेम अडखळू लागला. पहिली दहा मिनिटं झकास, मग चित्र थांबत थांबत सरके. एका रविवारी ते पुढच्या ट्रेलरवर आदळले आणि मागचे सहा त्यांच्यावर. ताफ्याचा म्होरक्या मितेश, पेणचा, अगदी गोड आवाजात म्हणाला की काकांनी एक रविवार ताफ्याच्या शेवटी राहून बघावं, जमलं नाही तर आता आराम करावा. नानांना ते दुसऱ्यांदा लायसन्स गेल्यासारखं लागलं. दोन दिवस त्यांना घास उतरला नाही.

अलिबागच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या विपुलनं दुकानात गेम नव्यानं टाकला, चित्राची नक्षी कमी करून पाहिली आणि निकाल दिला, ग्राफिक्स कार्ड संपलं, नवं घ्या. कॉम्प्युटरची पेटी उघडून बघायचे कष्ट मात्र या शहाण्यानं घेतले नव्हते.

नाना त्याला म्हणाले, "थंड असताना ओढतो, तापला का दम टाकतो. इंजिन गेलं न्हाय, बाला. रेडिएटर तुंबलाय."

विपुल हसला. नानांनी पेटी उचलली आणि घरी आणली.

मृणालला फोनवर विचारून त्यांनी तापमानाचा आकडा पडद्यावर लावून घेतला. दहाव्या मिनिटाला आकडा चौऱ्याण्णववर गेला आणि नेमकं तेव्हाच चित्र अडखळलं. मग बंद करून, वायर काढून त्यांनी पेटी खोलली. आत पंख्यामागच्या पत्र्यांत वाळलेला झेंडू होता. त्यावर हळदकुंकू बसलेलं आणि समुद्राच्या दमट हवेनं सगळ्याचा लगदा झालेला. दसऱ्याला ट्रेलरला घालायची तशीच भरगच्च माळ नानांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, पेटीच्या तोंडावर घातली होती. पंख्यानं ती पाकळी पाकळी करून गिळली.

आवडाबाईंचा चेहरा पडला. नाना म्हणाले, "तुझ्याच हारावर एकतीस वरसं गाडी चालली. चूक माझी. मी बोनेट उघडून बघितलं न्हाय."

रंगाचा कोरा ब्रश आणि सायकलचा पंप घेऊन दोघांनी दुपारभर ती पेटी साफ केली. आकडा अडुसष्टवर येऊन थांबला.

रविवारी नाना शेवटी राहिले. घाट लागला. मितेशचा ट्रेलर वळणावर कलंडला आणि त्याच्यामागे सगळा ताफा तुंबला. नानांनी गिअर उतरवला आणि कडेच्या अरुंद पट्टीवरून, कुणाला न घासता, भरलेला ट्रेलर वर काढला. चित्र एकदाही थांबलं नाही. मागे उभं राहून बघताना मला तर ओरडावंसं वाटत होतं.

हेडफोनमधून मितेश म्हणाला, "काका, आता तुम्हीच पुढे राहा. आम्ही मागे येतो."

आवडाबाई एकतीस वर्षांत नवऱ्याच्या ट्रेलरमध्ये कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि नानांच्या डावीकडे, क्लीनरच्या जागी जाऊन बसल्या.