बॉनेटला बांधलेली शहापुरी साडी

माझ्या हातची गाठ सुटत नाही. आमच्या घरात हे कुणी कौतुकानं सांगत नाही.

लढाई सुरू व्हायच्या आधी आमच्या ह्यांनी बेळगावातल्या एका म्हाताऱ्या वकिलांकडून जुनी मोटार घेतली. तिचं बॉनेट दोन पाखी छपरासारखं दोन्ही अंगांनी उघडायचं आणि उघडलं की लगेच मिटायचं! उघडं धरणारी दांडी कधीच कुठंतरी पडली होती. त्यामुळं इंजिनात एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं बॉनेट डोक्यावर पेलायचं. डोकं नेहमी माझं. (ह्यांच्या मते ते जास्त टणक.)

त्या मोटारीतून आम्ही सुशीला, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेला, निपाणीला दाखवायला निघालो. ‘पोरगी लई बोलते’ म्हणून दोन स्थळांनी तिला नाकारलं होतं. हे तिसरं, तंबाखूच्या वखारीवाल्यांचं. मी तिला दम भरला होता, “मान खाली, तोंड बंद. इचारलं तर व्हय-न्हाय, बास!” पसंती झालीच तर मुलाच्या आईचा तिथल्या तिथं मान करावा म्हणून शहापूरहून कोरी साडी घेतली होती. ती मी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

तवंदी घाटात मोटार तापली. वाफेचे लोट!

“बॉनेट उघडं ठेवूनच चालवायला पायजे,” हे म्हणाले. “वारं लागू दे.”

धावत्या मोटारीचं बॉनेट डोक्यावर धरणं मलाही जमण्यासारखं नव्हतं. मी साडीची घडी मोडली, बॉनेटच्या मुठीतून ओवली, काचेच्या चौकटीला आवळली आणि तीन गाठी मारल्या.

“अगं, एक बास की!”

“तुम्ही मोटार बघा, गाठ मी बघते.”

बॉनेट जागचं हललं नाही. फक्त ह्यांना पुढचं दिसेना! मग ह्यांनी बाहेर मान काढून चालवायची आणि मी दुसऱ्या अंगानं “म्हशी! म्हशी!” म्हणून ओरडायचं.

गावाबाहेर थांबून साडी सोडायची, घडी घालायची, कुणाला काही कळणार नाही, असा माझा बेत. पण वाफेनं भिजून गाठ दगड झाली होती. नखं मोडली, दात लावले.

“कापू का?”

“विहिणीचा मान कापताय? आणि गाठीत दोष न्हाय, सुतात हाय!”

शेवटी तसेच दारात जाऊन उभे राहिलो. मुलाची आई बाहेर आली. तिनं मोटार खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

“मोटारीला साडी नेसवलीया व्हय?”

मी पुढं होऊन गाठ पदरानं झाकली. सुशी मात्र मान खाली घालूनच म्हणाली, “मोटारीला न्हाय, तुमच्यासाठीच आणलीया. वैनीनं तीन गाठी मारल्यात, म्हणून हितं अडकलीया.”

गेलं तिसरं स्थळ!

बाई हसत हसत कट्ट्यावरच बसल्या. “वसंता, सोड बाबा माझी साडी!”

मुलगा आला. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं सुशी. एरवी मुलगी पाटावर बसते ती पोह्यांची बशी रिकामी होईपर्यंत. हे दोघं अर्धा तास समोरासमोर! सुशीच्या तोंडाला खळ नव्हता. तोही म्हणाला, “आमच्या तंबाखूच्या गठ्ठ्यांनाबी अशी गाठ न्हाय बसत.” गाठ सुटली, बॉनेट धाडकन मिटलं, दोघं दचकले आणि खो खो हसत सुटले.

“आता पाटावर काय बसवायचं?” मुलाची आई म्हणाली. “झालं की बघून! पोरगी पसंत हाय.”

लग्नात वधूवरांच्या शेल्याची गाठ मारायला विहीणबाईंनी भर मांडवातून मलाच हाक मारली, “वैनी, तुम्हीच मारा. तुमची गाठ सुटायची न्हाय!” एवढा मान! मी एकच मारली. (बरं, तीन.)

तिसऱ्या दिवशी निपाणीहून निरोप आला: दोघं खुशाल, गाठ अजून सुटलेली नाही.

मी उलट निरोप धाडला, सुतात दोष असणार.