सोमवारची दाढी

मी गाव सोडलं त्या सकाळी अण्णा अंगणात दाढीला बसले होते. सोमवार होता. रस्त्याकडं त्यांची पाठ, समोर पडवीच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला तळहाताएवढा आरसा, आणि दोन्ही गालांवर साबणाचा फेस. माय दशम्यांचं गाठोडं माझ्या बॅगेत कोंबत होती. विमानात जेवायला देतात म्हटलं, तर म्हणाली, "देऊ दे की. ते त्यांचं, हे आपलं."

अण्णांच्या पाया पडलो. वडील आहेत, वळतील, निदान पाठीवर हात ठेवतील असं वाटलं होतं. ते आरशाकडं बघतच म्हणाले, "हं. नीट जा."

आमच्या घरापासून रस्ता सरळ जातो आणि बाभळीपाशी फाट्याकडं वळतो. तिथं थांबून मी मागं पाहिलं. माय फाटकात उभी होती. अण्णांची पाठ होती तशीच होती. एकुलता एक मुलगा समुद्रापार निघालाय आणि या माणसाला दाढीची पडलीय, असं मनाशी म्हणतच मी फाट्यावर जाऊन जीपमध्ये बसलो. पुढं कितीतरी वर्षं ती पाठ माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही. राग म्हणा, पण खरं सांगायचं तर वाईट वाटलं होतं.

रेणापूरजवळचं आमचं गाव. मी लातूरला आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत होतो तेव्हाच अण्णांनी सगळं ठरवून टाकलं होतं. रेणापूर रोडला एक गाळा घ्यायचा, मी नांगर-ट्रॉल्यांची कामं करायची आणि संध्याकाळी घरी जेवायला यायचं. मी मस्कतचं नाव काढलं तेव्हा एवढंच म्हणाले, "का बरं? हितल्या ट्रॉल्या मोडायच्या बंद झाल्या का?" त्यानंतर तो विषय त्यांनी काढलाच नाही. अण्णांचा आवाज रागात चढत नाही, बंद होतो.

तुमच्यातले जे बाहेर पडलेत, कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी माझ्यासारखे आखातात, त्यांना घरचे फोन माहीत आहेत. माय म्हशीपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगायची. मग फोन अण्णांच्या हातात द्यायची. "बरा हाईस ना?" "हाव." "बरं." की फोन परत मायकडं. आणि तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटत असेल की आमच्याकडं बोलायला वेळ नसतो. वेळ असतो. वाक्य सुचत नाही.

इकडं माझं आयुष्य म्हणजे कँप, साइटची बस, परमिट आणि शटडाऊन. शटडाऊनला आख्खा प्लांट बंद ठेवतात आणि आम्ही बॉयलरच्या पोटात शिरतो. आत नळ्या इतक्या खेटून असतात की पुढची बाजू दिसते, मागची दिसत नाही. आणि जोड तर सगळीकडून भरावा लागतो. मग नळीच्या मागं एक छोटा आरसा बसवायचा आणि त्यात बघत बघत वेल्डिंग करायचं. हातातली वेल्डिंगची टॉर्च पुढं सारावी तर आरशात ती मागं आल्यासारखी दिसते. डोळा एक सांगतो, हात भलतंच करतो, टॉर्चच्या टोकाची सुई वितळलेल्या लोखंडात बुडते आणि जोड नासतो. मी सरावाचे इतके तुकडे नासवले की सुपरवायझरनं माझ्यापुढं हात जोडले. त्याचे ते जोडलेले हात मला शिवीपेक्षा जास्त लागले.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला अण्णांचा आरसा आठवला. दाढी-आंघोळ झाली की अण्णा त्याच आरशात बघून कपाळावर विभूतीचे पट्टे ओढत. लहानपणी मीही ओढायचो आणि माझे हमखास तिरके जायचे. अण्णा ते पुसायचे आणि म्हणायचे, "आरशात बघ, पन हाताला कपाळाचं ऐकू दे."

सुट्टी संपल्यावर मी करंगळी नळीला टेकवली. आरशात फक्त वितळलेलं लोखंड बघायचं ठरवलं, आणि हात कुठं जायचा ते नळीच्या गोलाईवर सोडलं. जोड तपासायला एक्स-रे काढतात, त्यात तो स्वच्छ निघाला. रात्री फोनवर मायला आरशाच्या कामाचं सांगितलं, आणि अण्णांनाही सांगायचं फार मनात होतं. "बरा हाईस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हाव."

माझा जोडीदार मल्लेश निजामाबादचा, म्हणजे परमुलखात जवळजवळ गाववालाच. एकदा बॉयलरमध्ये आरसा जरा जास्त फिरला आणि मला त्यात नळीऐवजी मल्लेश दिसला. तो माझ्या पाठीमागं बसला होता आणि डोळे माझ्यावर होते. "क्या देख रा रे?" मी विचारलं. तो आरशातूनच हसला. मीही हसलो, आणि मग हातातलं काम थांबलं. माझी त्याच्याकडं पाठ होती, तरी आम्ही एकमेकांना सरळ बघत होतो. मला अंगणातली ती पाठ आठवली, तिच्यापुढचा आरसा आठवला, आणि बरंच काही कळल्यासारखं वाटलं.

यंदा रजेवर आलो तेव्हा अण्णांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून त्यांची दाढी मीच करायचो. एक दिवस ते गोठ्यात असताना मी त्यांच्या जागी जाऊन बसलो. आरशात माझं तोंड. बोटानं आरसा जरासा वळवला, तर तोंड सरकून गेलं आणि मागचं फाटक आलं, रस्ता आला, पार टोकाला बाभळ आली.

माय जवळच शेंगा निवडत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू गेलास तवा कोन्ता वार व्हता?"

"सोमवार."

"तुझ्या अण्णानं जन्मात कधी सोमवारी गालाला पातं लावलंय का?"

सोमवार महादेवाचा. आमच्या घरी त्या दिवशी कुणी दाढी-कटिंग करत नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत. तरी त्या सकाळी ते ध्यानात आलं नाही.

"तू वळनावरून गेलास तरी उठंनात," माय म्हणाली. "फेस गालावरच वाळला. मग मीच पानी आनून दिलं."

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या मागं बसून, आरशात बघत त्यांची दाढी करत होतो. आरशात दोघांचीही तोंडं मावत होती. अण्णा म्हणाले, "तिकडं बी असंच आरशात बघून काम करतुस म्हनं."

"हाव. तुम्हीच शिकवलंय."

"दिसतं का त्यात नीट?"

"आता दिसतं, अण्णा."

त्यांचे डोळे भरले. माझेही. पातं गालावर होतं, म्हणून दोघंही हललो नाही.

परत निघालो तो दिवसही सोमवारच निघाला. बॅग घेऊन बाहेर आलो तर अण्णा अंगणात बसलेले, रस्त्याकडं पाठ, गालांवर फेस, कापऱ्या हातात ब्रश. पातं कुठंच नव्हतं. मायनं तोंडाला पदर लावला होता, पण हसत होती. मी पाया पडलो, आणि उठताना खिळ्यावरचा आरसा वळवून, त्यात शेवटपर्यंत रस्ता दिसेल असा बसवला.

"हं. नीट जा," अण्णा म्हणाले.

बाभळीपाशी थांबून मी त्या पाठीकडं बघत हात वर केला. अण्णा वळले नाहीत. त्यांचा ब्रश हवेत वर गेला आणि मी वळणावरून दिसेनासा होईपर्यंत तसाच वर राहिला. घर कुठं म्हणून कँपात कुणी विचारलं की मी रेणापूरच सांगतो. पण माझ्यापुरतं ते त्या आरशात आहे, जिथं मला जाताना बघत कुणीतरी बसलंय.