गण नसलेलं नाटक

"बोलू नोको, गाऊन सांग!"

असं म्हणताना मास्तर उजवा हात कानामागे न्यायचा, जणू समोरचा माणूस नदीच्या पैलतीरावर उभा आहे. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही एकाच पाळीत होतो. सुटीचा भोंगा झाला की तो पेटी काढायचा अन् मी ढोलकी. त्याचा आवाज असा, की वणा नदीपलीकडे चरणारे बैल माना वळवत. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

नाटकं तोच रचायचा, चालीही त्याच्याच. त्याच्या नाटकात कोणी बोलत नसे, मारामारीसुद्धा गाण्यात. पहिलं कापसाच्या वजनकाट्यावरचं. त्यात अडत्या अन् शेतकरी तासभर सुरात भांडत. दुसरं विहिरीवरच्या दोन जावांचं. ते पाहून आमच्या गल्लीतल्या खऱ्या जावा त्याच चालीवर भांडू लागल्या. एक बेसूर झाली की दुसरी भांडण थांबवून तिचा सूर लावून द्यायची, मग पुढचा शब्द.

तिसऱ्या नाटकाला त्याला वर्षं लागली. चाली सगळ्या डोक्यात, कागदावर एक नाही. कापसाच्या भुकटीनं छाती भरली होती. "हे एक नाटक लोकांले दिसू दे," म्हणायचा, "मंग छातीचं पाहू."

अशात छप्पन्न साल आलं. मास्तर नागपूरला जाऊन धम्माची दीक्षा घेऊन आला. आता आमच्याकडे खेळ कोणताही असो, आधी गणपतीचा गण, मग बाकीचं. मास्तर म्हणाला, माझ्या नाटकात गण होणार नाही.

आमचा झांजवाला म्हातारा, आंजी गावचा जुना शेतकरी, भडकला. "गणाबिगर माही झांज वाजत नाई!"

"तुमी मनात म्हणा ना, बाबाजी. मी काई अडवून नाई राह्यलो."

"अन् सुरुवात काय खोकून करतं का बे?"

सगळे हसले. मास्तर हसला नाही.

खेळ आंजीतच ठेवला. दिवेलागणीला गर्दी जमली. म्हातारा रुसून पुढच्या रांगेत, झांज मांडीत घेऊन. लोक सवयीनं हात जोडून बसलेले. मास्तर उभा राहिला अन् स्वतःचं नाव गायला लागला. स्वतःचं, बापाचं, आजाचं, गावाचं. ज्याला जिनिंगमध्ये मुकादमाची "ए" च्या पुढं हाक नव्हती, त्याचं अख्खं नाव. बापाच्या नावापाशी सूर असा वर गेला, की जोडलेले हात आपोआप सुटले. मग एकेका नटानं आपलं नाव गायलं.

नट संपले. आता नाटक सुरू होणार, तोच बायकांतून एक म्हातारी उठली. "माह्यंबी लाव ना रे सुरात, मास्तर."

मास्तरनं जागच्या जागी तिच्या नावाला चाल बांधली. मग काय, रांगच लागली. आंजी संपली, पिपरीचे पाहुणे झाले. एकानं आपल्यामागे बैलाचंही नाव लावून घेतलं. शेवटी झांजवाला उठला. "सारे झाले. माह्यं काऊन सोडलं?"

त्याचं नाव त्याच्याच झांजेवर झालं, अन् तिथंच पेटीचा भाता टरकन फाटला.

नाटक राहिलं.

"भाता शिवू अन् करू," मास्तर म्हणाला. पण रिकाम्या मांडवाकडे तो असा पाहत होता, की मला ढोलकीची दोरी सोडवेना. भाता शिवून झाला, पण त्या हिवाळ्यात त्यानं अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. नाटक त्याच्यासोबत गेलं.

नंतर एकदा मी त्याच्या घरी गेलो. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. उखाण्यात घेतलं तेवढंच. मी विचारलं, "वहिनी, त्या नाटकातली एखादी चाल येते काय तुमाले?"

"नाटकातली नाई येत, भाऊजी. हे घरी भाजी निवडता निवडता एवढंच गात राहत."

तिनं पदर सारखा केला, दाराकडे पाहिलं, अन् नवऱ्याचं अख्खं नाव गायलं. बापाच्या नावापाशी तिचा सूर पोचला नाही. ती थांबली, अन् पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागली.