गाजर, हळद, चुना

आज मी ज्या खुर्चीवर बसतो, ती मला भट्टीवाल्या मामांनी दिली. डोळ्यांवर आडवा हात धरून ते भट्टीच्या तोंडात बघायचे आणि म्हणायचे, "गाजर हाय अजून. थांब." मग सारी मिल थांबायची.

जालना एमआयडीसीतल्या त्या सळयांच्या कारखान्यात मी इंजिनिअर म्हणून लागलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आई भोकरदनच्या बाजारात भाजी विकायची. माझं काम होतं भट्टीसमोर कॅमेरा बसवण्याचं. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून ठोकळा पुढे सोडायचा की नाही, हे आता कॉम्प्युटर ठरवणार होता. कच्चा ठोकळा पुढे गेला तर सळया लाटणारे रोल मोडतात. शेठ म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक. न्हाई तर ह्यो कॅमेऱ्याचा डबाबी उतरव आन् तूबी घरी जा."

कॅमेऱ्याला रंग शिकवायला गुरू हवा होता. मामांशिवाय कोण असणार? मी फोटो दाखवायचो, ते नाव सांगायचे. गाजर म्हणजे कच्चं. हळद म्हणजे बराबर. चुना म्हणजे जळालं. मी प्रत्येक फोटोला त्यांचंच नाव दिलं.

एकदा न राहवून विचारलं, "मामा, हा शिकला तर तुमची जागा जाईल. ठाऊक आहे ना?"

"मला येडा समजून राह्यला का?" ते हसले. "पुढचा फोटो दाव."

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, ते तुम्ही पाहिलंच असेल. मी मात्र त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावी, आईबरोबर विहारात होतो.

सुट्टीनंतर भट्टी तापली आणि कॅमेऱ्याने पहिलाच ठोकळा अडवला. गाजर. दुसराही गाजर. तिसराही. मिल ठप्प. मी घामाघूम होऊन कॉम्प्युटरशी झटत होतो. शेठ मागे येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "उतरव ते."

मामांनी डोळ्यांवर हात धरला. "माल हळद हाय, शेठ." मग वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. शिडी लावली, वर चढले, गमछ्याने काच पुसली. खाली आले तेव्हा गमछा लाल झाला होता.

"कुंकू हाय. म्याच लावल्तं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पोराचं काम बिलकुल बराबर हाय. चूक माझी."

"अरे, काचेवर लावतात का?" शेठ ओरडले.

"मंग कुठं लावू? कपाळ हाय का त्याला? नुसता डोळाच हाय."

पाळीवरचे सगळे हसले. मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू नव्हता आल्ता. समद्या मशिनीची पूजा झाली. तुझ्याच लेकराला बाजूला ठेवायचं का?"

ते नुसते गप्प बसले असते, तर कॅमेरा त्याच दिवशी उतरला असता आणि भट्टीसमोरचं त्यांचं स्टूल तिथेच राहिलं असतं.

दिवाळीनंतर माझी नोकरी पक्की झाली आणि मामांची संपली. त्यांच्या गावच्या, तीर्थपुरीच्या गाडीपर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. खिडकीत बसल्यावर त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "झाला हळद. सोडा पुढं," म्हणाले.

आता त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून परवा पत्र पाठवलं. त्यांची नात वाचून दाखवेल.

"मामा, सविनय जयभीम.

मध्यंतरी पुण्याहून साहेब लोक आले होते. गाजर, हळद, चुना काढून तापमानाचे आकडे टाका म्हणाले. मी आकडे टाकले, पण तुमची नावं काढली नाहीत. शेठच्या स्क्रीनवर अजून 'हळद' असंच लिहून येतं.

यंदा दसऱ्याला सकाळी विहारात गेलो आणि तिथून गाडी पकडून थेट कारखान्यात आलो. पूजा चालली होती. माझ्याजवळ विहारातलं एक फूल होतं, ते मी कॅमेऱ्याला वाहिलं.

काळजी करू नका. काचेवर नाही, डब्यावर ठेवलं."